डब्यातला पैसा कोणाचा?



स्त्रियांच्या सभेत शास्त्राभ्यास संपला, चहा झाला, की कधी कधी एखादी भगिनी हळूच विचारते, "भाऊ, घरच्या माणसाला न सांगता दोन पैसे बाजूला ठेवले, तर ते खोटेपणात धरायचे का?" भोवतालच्या बाया हसतात. त्या हसण्यावरून कळते की प्रश्न तिच्या एकटीचा नाही. बालाघाट भागात आणि वैनगंगेच्या खालच्या अंगाला गोंदिया-भंडाऱ्याकडेही हा प्रश्न आम्ही वेगवेगळ्या शब्दांत ऐकला आहे. "होय" किंवा "नाही" म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या प्रश्नाशी एखाद्या घरची चूल आणि एखाद्या बाईची मनःशांती बांधलेली आहे, तो असा एका शब्दात उरकणे बरे नव्हे. म्हणून या महिन्यात आपण त्याचा थोडा नीट विचार करू.

प्रथम हा पैसा येतो कोठून ते पाहू. आमचा जिल्हा भाताचा आणि जंगलाचा. 2011 च्या जनगणनेत येथे 1000 पुरुषांमागे 1021 स्त्रिया मोजल्या गेल्या. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात वाकलेल्या रांगा बहुतेक स्त्रियांच्याच असतात. उन्हाळा लागताच पहाटे उठून मोहफुले वेचायची, मग तेंदूपत्ता तोडून पन्नास पन्नास पानांच्या गड्ड्या बांधायच्या, आणि वर्षभर फावल्या वेळात दारात बसून विड्या वळायच्या, ही कामेही मुख्यतः त्यांचीच. विडीची मजुरी हजारावर मोजतात. सट्टेदार पाने आणि तंबाखू देतो, तयार विड्या मोजून घेतो, आणि मनास न येतील त्या बाजूला काढतो. ज्या घरचा माणूस भरवेलीच्या मँगनीज खाणीत किंवा मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत पगारावर आहे, तेथे बाईच्या हाती महिन्याच्या सुरुवातीला घरखर्चाची रक्कम येते. 2023 मध्ये मध्यप्रदेशात लाडली बहना योजना सुरू झाली, आणि दरमहा 1000 रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ लागले. पुढे ही रक्कम वाढलीही.

या सगळ्यांतून ती थोडे थोडे वाचविते. भाजी थोडी स्वस्त घेते, लुगडे आणखी एक वर्ष चालविते, स्वतःच्या ताटातली डाळ पातळ करते. वाचलेली नोट तांदळाच्या कोठीत, मोहरीच्या डब्यात नाहीतर पातळाच्या घडीत जाते. पुढे मुलाची परीक्षा फी, सासूचे औषध किंवा सावकाराचे व्याज दारात उभे राहिले की तीच नोट बाहेर येते, आणि घरातली माणसे विचारतात, "हे कोठून आणलेस?"

असा पैसा देशभर किती घरांतून आहे हे एका रात्रीत उघडे पडले. 8 नोव्हेंबर 2016 रोजी 500 आणि 1000 रुपयांच्या नोटा चलनातून काढल्याची घोषणा झाली. डब्यात ठेवलेल्या नोटा आता बँकेत नेल्याखेरीज उपाय नव्हता, आणि बँकेत न्यायच्या तर घरात सांगितल्याखेरीज उपाय नव्हता. अनेक घरांत त्या आठवड्यात नवऱ्यांना प्रथमच कळले की आपल्या घरात एक दुसरा खजिनदार होता. पुढे मध्यप्रदेशातल्याच एका गृहिणीने त्या काळात भरलेल्या रकमेवर आयकर खात्याने आक्षेप घेतला. प्रकरण आग्र्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणापुढे गेले. 2021 मध्ये निकाल लागला की गृहिणींनी नोटाबंदीच्या काळात भरलेली अडीच लाखांपर्यंतची बचत लपविलेले उत्पन्न म्हणून धरता येणार नाही. सरकारदरबारी तो पैसा निर्दोष ठरला. आता प्रश्न उरतो तो घरातल्या आणि विवेकाच्या न्यायासनापुढचा.

येथे कोणी लगेच हनन्या आणि सप्पीरा यांचे नाव घेईल. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायातील ही गोष्ट सांगून बायकांना दटावल्याचे आम्ही ऐकले आहे. परंतु ती गोष्ट पुन्हा शांतपणे वाचावी. सप्पीराने नवऱ्यापासून काही लपविले नव्हते. नवराबायको दोघे संगनमताने वागले. आणि पेत्राचा ठपका पैसा मागे ठेवण्यावर नव्हताच. जमीन विकण्यापूर्वी ती त्यांची होती आणि विकल्यावर पैसाही त्यांच्याच अधिकारात होता, हे पेत्र स्वतः मान्य करतो. ठपका होता तो भाग देऊन सगळे दिल्याचे सांगण्यावर. म्हणजे पाप बाजूला ठेवण्यात नव्हते, खोटे बोलण्यात होते. डब्यात नोट ठेवणारी बाई कोणापुढे जाऊन "मी सर्व काही अर्पण केले" असे म्हणत नाही. तेव्हा सप्पीराचे वस्त्र तिच्या अंगावर घालणे हा अन्याय आहे.

तिच्या प्रश्नाच्या अधिक जवळ येते ती अबीगईल. पहिल्या शमुवेलाच्या पंचविसाव्या अध्यायात तिचा नवरा नाबाल याची 3000 मेंढरे आणि 1000 शेरडे सांगितली आहेत, पण दाविदाच्या माणसांना द्यायला त्याच्याजवळ एक भाकर नव्हती. घरावर संकट येत आहे हे ओळखून अबीगईलीने 200 भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचे मांस, हुरडा, मनुका आणि अंजिरांच्या ढेपा गाढवांवर लादल्या, आणि नवऱ्याला न कळविता ती निघाली. शास्त्र तिला दोष देत नाही. उलट तिच्या शहाणपणाची साक्ष देते. मात्र त्या गोष्टीचा पुढचा भाग आपण बहुधा सांगत नाही. ती परत आली तेव्हा नाबाल मेजवानीत धुंद होता, म्हणून त्या रात्री ती काही बोलली नाही. सकाळी त्याची नशा उतरल्यावर तिने त्याला सर्व काही सांगितले. तिने गोष्ट त्याच्या रागापासून आणि दारूपासून लपविली, सत्यापासून लपविली नाही. सांगण्याजोगी वेळ येताच ती स्वतः होऊन बोलली.

आमच्या मते परीक्षा येथेच आहे. बाजूला ठेवलेला पैसा योग्य वेळी, ताठ मानेने, ज्याच्यापासून लपविला त्यालाच सांगता येईल काय? सांगता येत असेल, तर तो कारभारीपणाचा पैसा आहे. घरातल्या सर्वांपुढे कधीच उच्चारता येणार नाही अशा कामासाठी तो साठविला जात असेल, तर मग तो नवऱ्याने साठविला काय आणि बायकोने साठविला काय, घराला पोखरणारा आहे.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. सांगता येण्याजोगा पैसा मुळात लपवावा का लागतो? याचे उत्तर बाईच्या स्वभावात शोधण्यापेक्षा घराच्या रीतीत शोधावे. पैसा कोणाचा मानायचा, हा वाद जुना आहे आणि फक्त आपल्या देशाचा नाही. ज्या इंग्लंडातून आपल्याकडे अनेक मिशनरी आले, तेथेच सतराव्या शतकात कायदा असा होता की लग्न होताच स्त्रीची रोकड, भांडीकुंडी आणि तिची मजुरीसुद्धा नवऱ्याची होई. विधवा झाल्यावरच ती स्वतःच्या नावाने व्यवहार करू शके. तथापि त्या काळातही काही घरे निराळी होती. इंग्लंडच्या उत्तरेस स्वार्थमूर येथे मार्गारेट फेल ही विधवा आपल्या मुलींसह राहत असे. क्वेकर मंडळीचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी 1669 मध्ये तिच्याशी विवाह केला. विवाहापूर्वी त्यांनी तिच्या मुलींना विचारले की या लग्नाने तुमच्या हक्काचे काही जाणार नाही ना, आणि तिच्या मिळकतीला आपण हात लावणार नाही असे सांगितले. कायद्याने जे त्यांच्या पदरात पडले असते ते त्यांनी आपण होऊन सोडले.

त्याच घरातील सारा फेल या मुलीची 1673 ते 1678 या वर्षांची हिशेबाची वही आजही उपलब्ध आहे, आणि 1920 मध्ये ती छापूनही निघाली. त्या वहीत राजांच्या लढाया सापडत नाहीत. मासळी, साबण, सुया, जोडे दुरुस्त करणे, गरिबाला दिलेली पेनी, शेतावर आलेल्या मजूर बायांची मजुरी, लोखंडाच्या भट्टीचा व्यवहार, असे सर्व तीत आहे. आईचा खर्च कोणता, बहिणींचा कोणता, हेही वेगळे दाखविले आहे. एका कुमारिकेने घर, शेत आणि भट्टी यांचा हिशेब पाच वर्षे उघडपणे सांभाळला, आणि त्या घरात कोणाला डब्यात नोट लपविण्याची गरज का पडली नसावी हे वही पाहूनच समजते. याच क्वेकर मंडळीने पुढे आपल्या प्रांतात होशंगाबाद येथे, म्हणजे आजच्या नर्मदापुरम येथे, काम केले हे पुष्कळांना ठाऊक असेल.

आपल्या देशात कायदा काही बाबतींत लवकर जागा झाला. 1865 च्या भारतीय वारसा कायद्याने ठरविले की केवळ विवाहामुळे एकाला दुसऱ्याच्या मिळकतीवर हक्क मिळत नाही. हेच तत्त्व 1925 च्या कायद्यातही आले. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने पत्नीची स्वतःच्या कामाची मजुरी आणि त्या मजुरीतून केलेली बचत तिची स्वतःची ठरविली. ख्रिस्ती म्हणून विवाह केलेल्या स्त्रियांना हे कायदे लागू होते. आपल्या आज्या-पणज्यांना हा हक्क होता, पण त्यांच्यापैकी कितीजणींना तो कोणी सांगितला? व्यासपीठावरून बायकांना आज्ञाधारकपणा पुष्कळ शिकविला गेला. हा कायदा वाचून दाखविल्याचे आम्ही तरी कधी ऐकले नाही.

विडीच्या मजुरीचे उत्तर कायद्याने असे दिले. पण घरखर्चाला दिलेल्या रकमेतून जे वाचते त्याचे काय? येथे पुन्हा इंग्लंडातील एक निवाडा उपयोगी पडेल. 1943 मध्ये तेथील अपील न्यायालयाने ठरविले की पत्नीने घरखर्चातून काटकसर करून सहकारी संस्थेत जमविलेली रक्कम नवऱ्याची आहे, कारण मूळ पैसा त्याचा. तर्क बिनचूक दिसतो. पण स्वतःच्या ताटातली डाळ पातळ करून तिने जे वाचविले ते त्या तर्कात कोठेच मोजलेले नाही. बायकांनी व त्यांच्या कैवाऱ्यांनी हा विषय लावून धरला, आणि 1964 च्या कायद्याने अशी बचत दोघांची निम्मी निम्मी ठरली. आम्हांला हा निर्णय नीतीच्या दृष्टीनेही बरोबर वाटतो. त्या नोटेत एकाचा घाम आहे आणि दुसरीची भूक आहे. दोन्ही मिळून ती नोट झाली, म्हणून ती दोघांची.

कोणी म्हणेल, नवरा दारुडा किंवा जुगारी असेल तर लपविणे समजू शकते, पण भल्या माणसाच्या घरी लपवाछपवी कशाला? यावर आपल्या मराठी मंडळीतीलच एका थोर घराचे उदाहरण आठवते. नारायण वामन टिळक 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गोंदियावरून जाणाऱ्या त्याच आगगाडीत त्यांच्या हाती नवा करार आला, हे सर्वांना माहीत आहे. ते मनाचे राजे होते. दारी आलेल्याला हातचे देऊन टाकावे आणि उद्याची चिंता देवावर सोडावी, असा त्यांचा बाणा. परंतु त्या उद्याची भाकरी भाजायची होती लक्ष्मीबाईंना. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला टिळकांचे औदार्य जितके दिसते, तितकीच त्या औदार्यामागे संसार उभा ठेवणाऱ्या बाईची ओढाताणही दिसते, आणि ती त्यांनी हसत हसत सांगितली आहे. नवऱ्याचा दानधर्मसुद्धा कोणाच्या तरी पिठाच्या डब्यातून होत असतो. म्हणून भला नवराही घरात एकट्याच्या मनाने पैसा खर्च करू लागला, तर बाईला डबा शोधावाच लागतो. दोष मनाच्या चांगुलपणात नसतो, विचारण्याची सवय नसण्यात असतो.

इतके सांगून झाल्यावर भगिनींनाही एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. लपविलेली बचत आणि लपविलेले कर्ज या दोन गोष्टी सारख्या नाहीत. अलीकडे गावोगावी छोटी कर्जे देणाऱ्या कंपन्यांचे गट झाले आहेत. चार बायकांच्या जामिनावर रक्कम मिळते आणि ठरल्या वारी हप्ता भरावा लागतो. एक हप्ता चुकू नये म्हणून दुसऱ्या गटाचे कर्ज काढायचे, आणि हे सर्व घरात कोणाला कळू द्यायचे नाही, असे प्रकार आमच्या पाहण्यात आहेत. बचत लपविणारी बाई घरच्यांवर ओझे टाकत नाही. कर्ज लपविणारी मात्र ज्यांना काही विचारले नाही अशा माणसांना बांधून टाकते, आणि जामीन राहिलेल्या शेजारणींनाही. हीच गोष्ट बायकोला न सांगता शेत गहाण टाकणाऱ्या नवऱ्यालाही तितकीच लागू आहे. त्याला बाहेरचे लोक "व्यवहार" म्हणतात एवढाच फरक.

मग घरात काय करावे? भाताच्या मुलखातील मंडळींना समजेल असे एक उदाहरण देतो. मिझोरमच्या मंडळ्यांत शंभराहून अधिक वर्षे एक रीत चालू आहे. घरातली बाई प्रत्येक वेळी भात शिजविण्यापूर्वी मूठभर तांदूळ वेगळे काढते. ते गोळा करून विकतात आणि त्यातून सेवेचे मोठे काम चालते. मूठ तीच, हात तोच. आपल्याकडची बाई जे गुपचूप डब्यात टाकते, तेच तेथील बाई सर्वांच्या देखत काढते, आणि सारी मंडळी तिचा मान राखते. फरक बाईत नाही. तिच्या मुठीला घरात आणि मंडळीत जागा आहे की नाही, यात आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. घरात एक वही असावी. नवऱ्याचा पगार, बाईची मजुरी, योजनेची रक्कम, दान, उधारी, सर्व तीत यावे. वही दोघांनी लिहावी आणि दोघांनी वाचावी. त्यात एक रक्कम, लहान का होईना, अशी असावी की बाईने ती कशी वापरली हे तिला कोणी विचारू नये. नवरा चहा-पानाला, मित्रांना जे देतो त्याचा हिशेब जर घर मागत नाही, तर तिच्याकडेही मागू नये. तिच्या नावच्या खात्याचे कार्ड तिच्याजवळच असावे. आणि जो नवरा बायकोचा डबा उघडू पाहतो त्याने आधी स्वतःचा खिसा टेबलावर रिकामा करावा. जेथे दारू, मारहाण किंवा जुगार आहे, तेथे हे सारे बोलणे पोकळ ठरते हे आम्ही जाणतो. अशा घरातील बहिणीने आपल्या मुलांचा घास जपून ठेवला, तर तिच्यावर पापाचे ओझे टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिची पुंजी विश्वासाने सांभाळून ठेवण्याचे काम आपल्या स्त्री मंडळांनी करावे.

शेवटी रविवार शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय आपण दरवर्षी शिकवितो. त्या बाईचा न विझणारा दिवा, तिची चाती, तिचे पहाटे उठणे मुलांच्या तोंडपाठ असते. पण त्याच अध्यायात ती स्वतः पारखून एक शेत घेते, आणि आपल्या हातच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, यावर किती शिक्षक थांबतात? तिच्या नवऱ्याचे मन तिच्यावर भरवसा ठेवते असेही तेथे आहे. लूकाच्या आठव्या अध्यायात हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया आपल्या पैशाने प्रभूची व त्याच्या शिष्यांची सेवा करताना दिसतात. त्यांच्याजवळ आपला म्हणण्यासारखा पैसा नसता, तर ही सेवा त्यांनी कशातून केली असती? वर्गातील मुलांना हे जरूर विचारावे, आणि मुलींइतकेच मुलांनाही विचारावे. कारण आज वर्गात बसलेला मुलगाच उद्या घरात वही उघडणार आहे किंवा बंद ठेवणार आहे.

सभेत हळूच प्रश्न विचारणाऱ्या भगिनीला आमचे उत्तर असे. बाई, तू ठेवलेला पैसा पाप नाही. तो उघडपणे ठेवता यावा असे घर होणे ही तुझ्या एकटीची जबाबदारीही नाही. ती तुझ्या नवऱ्याची आहे, आणि आम्हा सर्व मंडळीची आहे.